तिसरा कप

‘आमच्याकडे कामाच्या बाईंचा कप वेगळा आहे, त्यात एवढं काय?’ असं विचारणारी माणसं दुष्ट नसतात. ती बहुधा कनवाळू असतात. पगार वेळेवर देतात, दिवाळीला बोनस आणि साडी देतात, बाईंच्या मुलीच्या वह्यापुस्तकांचा खर्चही उचलतात. म्हणूनच त्यांच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं, त्यांचा एकेक मुद्दा हाती घेऊन. ‘जुन्या वळणाची माणसं आहेत, जाऊ द्या’ असं म्हणून हा विषय सोडता येत नाही, कारण वेगळा कप ठेवणारी घरं आता जुन्या वळणाची राहिलेली नाहीत. त्या घरांत मॉड्युलर किचन आहे, भिंतीवर आरओ आहे, मुलं परदेशात शिकताहेत, आणि खिडकीच्या कट्ट्यावर तो कप उपडा पडलेला आहे.

माझं म्हणणं आधी सरळ सांगते. मराठी घरात चहाचे कप दोन प्रकारचे असतात. रोजचे आणि पाहुण्यांचे. रोजचे ओट्याजवळच्या मांडणीत असतात, रंगाने-आकाराने एकमेकांशी न जुळणारे. पाहुण्यांचे काचेच्या कपाटात, सहाच्या सहा, बशांसकट. या दोन्हींना माझा आक्षेप नाही. पाहुण्यांच्या कपांची तर मी पुढे बाजूच घेणार आहे. आक्षेप आहे तो तिसऱ्या कपाला. तो सिंकखालच्या कप्प्यात असतो, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे असतो, खिडकीच्या गजाला लागून असतो. कान तुटलेला, टवका उडालेला, नाहीतर साबणाच्या पुड्यावर कधीकाळी फुकट आलेला. काही घरांत त्याच्या जागी स्टीलचा पेला असतो. या कपातून घरचं कोणी चहा पीत नाही आणि पाहुण्यालाही तो कोणी देत नाही. घरात आलेलं माणूस एक तर घरचं धरावं किंवा पाहुणा. तिसरा वर्ग घरात असूच नये.

आता प्रतिपक्षाकडे वळते. सगळ्यात आधी येतो तो आरोग्याचा मुद्दा. ‘बाई चार घरी जाते, वस्तीत राहते, कुठून काय घेऊन येईल सांगता येत नाही.’ बोलणं विज्ञानाचं आहे, तर विज्ञानानेच तपासू. कपातून रोग लागायचा तर एकाच्या ओठांचं दुसऱ्याच्या तोंडात जायला हवं आणि मध्ये कप घासलेला नसायला हवा. साबण, पाणी आणि चोळणं एवढ्याने चिनी मातीचा, काचेचा, स्टीलचा कप स्वच्छ होतो. याच भरवशावर आपण हॉटेलात, मंगल कार्यालयात, कचेरीच्या कँटीनमध्ये शेकडो अनोळखी ओठांना लागलेल्या कपातून चहा पितो आणि तिथे मागच्या गिऱ्हाईकाची वस्ती विचारत नाही. क्षयाची भीती पुष्कळ जण घालतात. क्षय हवेतून पसरतो. खोकल्यातून, कोंदट खोलीत बराच काळ सोबत राहण्यातून. घासलेल्या कपातून तो येत नाही. विषमज्वर आणि काविळीचा एक प्रकार मात्र दूषित पाण्यातून, अन्नातून, नीट न धुतलेल्या हातांतून पसरतो. म्हणजे धोका असलाच तर तो कणीक मळणाऱ्या आणि कोशिंबीर चिरणाऱ्या हातांत आहे. त्या हातांच्या पोळ्या आपण रोज खातो. कणीक चालते, कोशिंबीर चालते, आणि कपाशी येऊन आरोग्य आडवं येतं, याला आरोग्याची काळजी म्हणता येणार नाही.

शिवाय हे सगळे कप घासतं कोण? पाहुणे उठून गेले की ट्रेमधल्या सहा कप-बशा तिच्याच पुढ्यात येतात. कपाच्या काठावरचे ओठांचे डाग तीच बोटाने चोळून काढते. आपल्या घरातल्या प्रत्येकाचं उष्टं रोज तिच्या हाताखालून जातं. उष्ट्याची शिसारी कोणाला यायची तर ती तिला यायला हवी होती. तिने स्वच्छ केलेला कप आपल्या तोंडाला चालतो आणि तोच कप तिच्या तोंडाला लागला की आपल्याला चालत नाही. या एका गोष्टीपुढे स्वच्छतेचा सगळा युक्तिवाद मला संपलेला दिसतो.

आणि कारण खरोखर आरोग्याचं असतं, तर तिला दिलेला कप निदान धड असता. चिनी मातीवरची झिलई उडाली की आतली माती उघडी पडते. ती चहा शोषते, चिरेत साचलेलं घासून निघत नाही. टवका उडालेला कप हा घरातला सर्वांत अस्वच्छ कप असतो. रोगाला भिणाऱ्याने तो सगळ्यात आधी कचऱ्यात टाकायला हवा. आपण तो टाकत नाही, तिच्यासाठी ठेवतो.

आजारी माणसाची भांडी वेगळी ठेवतात, हेही सांगितलं जातं. खरं आहे. घरात कोणाला कांजिण्या आल्या की त्याचं ताट-वाटी-भांडं बाजूला होतं. पण कांजिण्या गेल्या की ती भांडी पुन्हा मांडणीत येतात. कामाच्या बाईंचा कप दहा-दहा वर्षं बाजूलाच असतो. तो कोणत्या आजाराचा कप आहे, हे एकदा स्वतःशी तरी ठरवावं.

दुसरा मुद्दा थोडा हुशारीचा आहे. ‘आमच्या घरात प्रत्येकाचाच कप ठरलेला आहे. आजोबांचा मोठा, मुलीचा मांजरीचं चित्र असलेला, तसा बाईंचा हा.’ याची परीक्षा सोपी आहे. आजोबांच्या कपातून चुकून नातवाने चहा घेतला तर काय होतं? आजोबा कुरकुरतात, घरात हसणं होतं. बाईंच्या कपातून नातवाने चहा घेतला तर काय होतं? कोणी काही बोलायच्या आधी चेहरे बदलतात. ‘अरे, तो नको’ असा आवाज येतो, कप हातातून काढून घेतला जातो. आजोबांचा कप बाकीच्या कपांच्या शेजारी टांगलेला असतो. बाईंचा असतो का? आजोबांचा कप घासायला पडला असेल तर त्यांना दुसऱ्या कपात चहा मिळतो. बाईंचा कप सापडला नाही तर मात्र शोधाशोध सुरू होते, आणि ती मिळेल त्या कपात संपत नाही. आवडीच्या कपाची अदलाबदल होऊ शकते. तिच्या कपाची होऊ शकत नाही, यातच त्याचं खरं रूप उघडं पडतं.

अदलाबदलीच्या या खेळात घरातलं लहान मूल काय शिकतं, यावर मला थोडं थांबायचं आहे. चार वर्षांच्या मुलाला कोणी कधी जातीबद्दल काही सांगितलेलं नसतं. शिकलेल्या घरात तो शब्दही उच्चारला जात नाही. पण त्या मुलाला मावशींचा कप कुठला हे माहीत असतं. तो कप आपण उचलायचा नाही, हेही माहीत असतं. कारण मात्र कोणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे ते मूल स्वतःच्या मनाने कारण लावतं: या माणसात काहीतरी आहे, जे आपल्याला लागू नये. पुढे शाळेत समतेचा धडा येतो, मूल तो पाठ करतं, बक्षीसही मिळवतं. पण स्वयंपाकघरातला धडा आधीचा आहे आणि रोजचा आहे. ‘आम्ही मुलांवर असले संस्कार केलेच नाहीत’ असं जे आईबाप मनापासून म्हणतात, त्यांना मला हेच सांगायचं आहे, की तुम्ही गप्प राहिलात आणि तुमच्या वतीने कप बोलत राहिला.

यानंतर हमखास येणारं वाक्य म्हणजे, ‘अहो, तीच वेगळा कप काढते. आम्ही कितीदा म्हटलं, चांगला कप घ्या. ती ऐकतच नाही.’ हे वाक्य पुष्कळदा खरं असतं आणि म्हणूनच त्याची फोड करायला हवी. ती पाच-सहा घरी काम करते. प्रत्येक घराचे नियम निराळे. एका घरी देवघराच्या खोलीत जायचं नाही, दुसऱ्या घरी सोफ्याला हात लावायचा नाही, तिसऱ्या घरी फ्रीज उघडायचा नाही. हे नियम कुठे लिहिलेले नसतात. ते मोडल्यावरच कळतात, आणि मोडल्याची किंमत कामावरून जाणं ही असते. अशा बाईने सगळ्यात खालचा कप आपणहून उचलणं हे तिचं शहाणपण आहे. तिला तो कप आवडतो, असा त्याचा अर्थ लावणं फार सोयीचं आहे. तिने जमिनीवर बसणं, फरशीवर कप ठेवणं, जाताना तो विसळून उपडा घालणं, हे सगळं ती कोणत्या ना कोणत्या घरी शिकली आहे. जिला हातचं काम राखायचं आहे तिने आधी पाऊल टाकावं ही अपेक्षा अन्यायाची आहे. पाऊल घरमालकिणीनेच टाकायला हवं. ‘घ्या हो चांगला कप’ असं तोंडाने म्हणणं पुरेसं नाही, त्यात नकाराची वाट मोकळी ठेवलेली असते. एकाच आधणाचा चहा एकाच जातीच्या कपांत ओतून त्यातला एक तिच्या हातात द्यावा आणि आपण शेजारी बसून प्यावा. त्याचा गाजावाजा करू नये. आठवडाभर तिला अवघड वाटेल, मग वाटणार नाही.

तिला स्टीलच्या पेल्यात चहा देणाऱ्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगायची आहे. पेल्याला कान नसतो. कडकडीत चहाने तो इतका तापतो की पदरात धरावा लागतो. दिवसभर साबणाच्या पाण्यात राहून बोटांना चिरा पडलेल्या बाईला तो धरवत नाही. तिला न दिलेल्या बशीचंही तेच. बशीत ओतून चहा लवकर निवतो. घाईच्या माणसाची ही सोय आहे. पुढच्या घरी नऊच्या ठोक्याला पोहोचायचं असणाऱ्या बाईइतकी बशीची गरज घरात कोणालाच नसते. आपण बशी देतो ती तासभर निवांत गप्पा मारायला आलेल्या पाहुण्याला, जो तिला हातही लावत नाही.

आता सगळ्यात जड मुद्द्याकडे येते. ‘आम्ही जात पाहत नाही. बाई कोणत्या जातीची आहे हे आम्हाला ठाऊकसुद्धा नाही.’ यातला पहिला भाग अनेकांच्या बाबतीत प्रामाणिक असेल. पण मग एकाच घरात येणाऱ्या दोन बायकांकडे पाहा. पोळ्या करणाऱ्या काकूंना चहा घरच्या कपात मिळतो, कित्येकदा टेबलाशी बसून मिळतो. संडास-बाथरूम धुणाऱ्या बाईंना मिळतो तो तिसऱ्या कपात, दाराजवळ. दोघी तितक्याच घरी जातात, दोघी बसनेच येतात. फरक आहे तो कोण कशाला हात लावते याचा. कामावरून माणसाची पायरी ठरवायची, घाणीला हात लावणाऱ्याच्या ओठांना विटाळ धरायचा आणि तो विटाळ भांड्यातून पसरतो असं मानायचं, ही रचना नवी नाही. गावाकडे वळचणीला, गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात, महार-मांगांसाठी कपबशी ठेवलेली असे. चहा वरून ओतायचा, प्यायल्यावर त्यानेच ती धुवायची आणि परत जागेवर ठेवायची. तिथे जात उघड होती. शहरात जातीचं नाव गळालं, कोनाडा गेला आणि ड्राय बाल्कनी आली. जात न विचारता तीच वागणूक देता येते, एवढाच त्या ‘ठाऊकसुद्धा नाही’चा अर्थ आहे.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. २०११-१२ मध्ये नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्च आणि मेरिलँड विद्यापीठ यांनी मिळून देशभरातल्या ४२ हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी केली. त्यात लोकांना आधी विचारलं, तुमच्या घरात अस्पृश्यता पाळली जाते का? नाही म्हणणाऱ्यांना पुढे विचारलं, अनुसूचित जातीचं माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आलं किंवा त्याने तुमची भांडी वापरली तर चालेल का? दोन्ही प्रश्न मिळून सुमारे २७ टक्के कुटुंबांनी एकदा तरी कबुली दिली. दुसरा प्रश्न मुद्दाम स्वयंपाकघराचा आणि भांड्यांचा ठेवला होता, यातच पाहणी करणाऱ्यांची समज दिसते. पहिल्या प्रश्नाला माणूस तत्त्वाने उत्तर देतो, दुसऱ्याला सवयीने. शिवाय ही फक्त कबुली देणाऱ्यांची संख्या आहे. ‘चालेल’ म्हणूनही खिडकीत कप ठेवणारी घरं तिच्यात मोजली गेलेली नाहीत.

‘घर माझं, कप माझे, कोणाला कशात चहा द्यायचा ही माझी मर्जी,’ असंही काही जण ठणकावतात. कायद्यापुरतं बोलायचं तर राज्यघटनेच्या १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि तिचं कोणत्याही रूपातलं आचरण निषिद्ध ठरवलं आहे. तिथे घराचा उंबरठा वगळलेला नाही. १९५५च्या कायद्याच्या, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाच्या, चौथ्या कलमात हॉटेल-धर्मशाळांतल्या भांड्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं की माणसाचा अपमान भांड्यातूनच होतो. खासगी घरातल्या कपासाठी पोलीस यावेत असं मी म्हणत नाही, यावेत अशी माझी इच्छाही नाही. पण मर्जी म्हणजे विचारातून सुटका नव्हे. टपरीवर दोन प्रकारचे ग्लास दिसले तर आपण संतापतो, वर्तमानपत्राला पत्र लिहितो. तोच प्रकार आपल्या ओट्यावर झाला की ती मर्जी कशी काय होते, हे मर्जीवाल्यांनी सांगावं.

‘इतक्या वर्षांची सवय आहे, हळूहळू जाईल’ हा त्यातल्या त्यात सौम्य बचाव. सवयी किती भराभर बदलतात हे चहाइतकं दुसऱ्या कोणीच आपल्याला दाखवलेलं नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कोणी घेतला, कोणी नुसते बसून राहिले. गोपाळराव जोशांनी उपस्थितांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापवली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांच्या आयोगापर्यंत गेलं. बहिष्काराने घरोघरची श्राद्धं आणि लग्नं अडू लागली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं. कपभर चहासाठी. त्या काळच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात चिनी मातीच्या कपाला मुळी जागाच नव्हती. तांब्या-पितळेचं भांडं राखेने, चिंचेने घासलं की शुद्ध, मातीचं विटाळलं की टाकायचं. हा झिलईचा परका कप कुठल्या नियमात बसवायचा हाच प्रश्न होता. आणि पुढे दोन-तीन पिढ्यांत त्याच घरांनी त्याच कपांसाठी काचेची कपाटं करून घेतली. घरच्यांना हवं असलं की शुद्धाशुद्धाचा नियम इतका वाकतो. तिसऱ्या कपाच्या बाबतीत तो वाकत नाही, कारण तो वाकल्याने आपली कोणतीही सोय होत नाही. वेळ लागतो म्हणणाऱ्यांनी हे प्रामाणिकपणे मान्य करावं.

याच चहाने राजर्षी शाहूंनी काय करून दाखवलं, तेही आठवावं. गंगाराम कांबळे हा महाराजांकडे नोकरीला असलेला माणूस. राखीव हौदातलं पाणी घेतल्यावरून इतर नोकरांनी त्याला फटके मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला भांडवल देऊन कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं दुकान काढायला लावलं. अस्पृश्याच्या हातचा चहा गावात कोण पिणार? तर महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजत. या प्रसंगात मला महत्त्वाची वाटते ती दिशा. महाराजांनी गंगारामला राजवाड्यावर बोलावून चांदीच्या कपात चहा दिला असता तर ती कृपा झाली असती. ते त्याच्या दारात गेले आणि त्याच्या कपातून प्यायले.

इथवर जे माझ्याशी सहमत असतील, त्यांच्यातल्याच काहींशी आता माझं भांडण आहे. ते म्हणतात, भेदाचं मूळ पाहुण्यांच्या खास कपांतच आहे. ते काचेचं कपाट, ती सोनेरी किनार, ते सगळं मिरवणं बंद करा. सगळ्यांना सगळे कप. ऐकायला हे समतेचं वाटतं, पण मला ते पटत नाही. खास कपात चहा देणं म्हणजे आलेल्या माणसाला ‘तुमच्या येण्याने आजचा दिवस रोजच्यासारखा राहिला नाही’ हे न बोलता सांगणं. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या बाईने भिशीच्या पैशांतून घेतलेले सहा कप हा तिचा मान आहे. लग्नाच्या रुखवतात मांडलेला सेट कित्येक घरांत वीस वर्षं एकही कप न फुटता टिकतो, कारण तो हाताळणाऱ्या हातांना त्याची किंमत माहीत असते. कपड्यांचं बोचकं देऊन बोहारणीशी तासभर घासाघीस करून मिळवलेला ट्रे हाही त्याच आदराचा भाग. हे मिरवणं बंद केल्याने तिसरा कप जात नाही. उलट घरातून सन्मानाची एक पद्धत कमी होते आणि अपमानाची पद्धत तशीच राहते. चांगले कप कपाटातच ठेवून समता येणार नाही, ते कोणाकोणासाठी बाहेर निघतात हे वाढवायला हवं. गॅसचं सिलिंडर चार जिने चढून आणणाऱ्यासाठी ते निघावेत, नळ दुरुस्त करायला आलेल्यासाठी निघावेत. दिवाळीच्या फराळाला कचरा उचलणारी बाई दारात आली तर प्लास्टिकच्या पिशवीत चिवडा न ओतता तिला बसवून ताटली आणि त्याच कपात चहा द्यावा. रोज येणाऱ्या बाईंना मात्र पाहुण्यांचा कप नको, घरचा हवा, कारण त्या रोजच्या आहेत.

समतेच्या नावाने आलेली दुसरी पळवाट म्हणजे कागदी कप. कोविडनंतर तो घराघरांत शिरला. ‘आता कोणालाच वेगळा नाही, वापरा आणि टाका.’ पण पाहायला गेलं तर घरात तो कागदी कप सासूबाईंना मिळत नाही, व्याह्यांना मिळत नाही. तो मिळतो सुताराला, रंगाऱ्याला, वॉचमनला, कामाच्या बाईंना. म्हणजे तिसरा कपच आहे, फक्त आता रोज नवा. जुना निदान घासून ठेवला जायचा. या कपाला घरात जागाच नाही, माणसाच्या ओठांना लागला की थेट कचऱ्यात. त्यातही हा कप आतून प्लास्टिकच्या पातळ थराने मढवलेला असतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं होतं की १०० मिलिलिटर गरम द्रव पंधरा मिनिटं त्यात राहिला तर सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लास्टिककण त्यात उतरतात. आरोग्याच्या नावाने दिलेला कप कोणाच्या आरोग्याची काळजी घेतो, हे त्यावरून कळावं.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल बचाव करणारे कधीच बोलत नाहीत. बाईंच्या घरी लग्न निघतं, नाहीतर बारसं असतं, कधी दुखणं असतं, आणि मॅडम भेटायला जातात. त्या घरात काय धावपळ होते ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना मी सांगायला नको. पोराला दुधाच्या पिशवीसाठी पिटाळलं जातं. शेजारणीकडून दोन जुळणाऱ्या कपबश्या येतात, त्या पदराने पुन्हा पुसल्या जातात. एकुलती एक खुर्ची पुढे सरकते. बिस्किटाचा पुडा नवा फोडला जातो. म्हणजे पाहुण्यासाठी खास कप ही रीत त्या घरातही आहे, आणि आपल्यापेक्षा कडक आहे. आणि मॅडम म्हणतात, ‘नको हो, आत्ताच घेतला.’ किंवा कप हातात घेतात आणि दोन घोट घेऊन खाली ठेवतात. बाई आग्रह करत नाही. तिला कारण समजलेलं असतं. १८९० मध्ये परक्याचा चहा प्यायला म्हणून वाळीत टाकणारं पुणं गेलं. पण दुसऱ्याच्या घरचा कप तोंडाला लावायची भीती शिल्लक आहे, फक्त आता तिच्यामागे शंकराचार्य लागत नाहीत. आपण देतो तो चहा तिने घ्यावा आणि ती देते तो आपण घेऊ नये, या व्यवहारात कितीही साड्या आणि कितीही बोनस मिळवले तरी आदर तयार होत नाही. दान तेवढं होतं.

राहता राहिला शेवटचा आक्षेप, जो बहुतेक वेळा सगळ्यात खरा असतो आणि म्हणून सगळ्यात हळू आवाजात सांगितला जातो. चांगला कप तिच्या हातून फुटला तर? सेट मोडेल. तर मोडू द्यावा. ती रोज घासते ते कप फुटले तर कधीच फुटले असते. पिताना फुटण्यापेक्षा घासताना कप फुटण्याची शक्यता कितीतरी जास्त, आणि घासायला तर आपणच तिला देतो. शिवाय आता बाजारात कप सुटे मिळतात, एकेक. पुढच्या वेळी घ्याल तेव्हा एक जास्तीचा घ्या, आणि तो खिडकीत न ठेवता बाकीच्यांबरोबर त्याच मांडणीत लावा, असा की महिनाभराने तो नेमका कुठला होता हे तुम्हाला ओळखता येऊ नये.